चिऱ्याचं जुनं घर, नवा हॉल आणि भिंतींचं फिनिश: कुठे चुना, कुठे सिमेंट, कुठे टेक्स्चर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळजवळ आजोबांच्या काळातलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू घर आणि त्याला मागून जोडलेला नवा, सिमेंटच्या विटांचा, स्लॅबचा हॉल. जुन्या भिंतींना पंधराएक वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून जोत्याच्या वर तीन फुटांपर्यंत रंग फुगतो, पोपडे निघतात, पांढरी भुकटी झडते. ठेकेदाराचं म्हणणं असं की बाहेरून सगळीकडे वॉटरप्रूफ टेक्स्चर (दाणेदार, जाडसर रंगाचा लेप) मारू, आतून पीओपी पनिंग (प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ, गुळगुळीत हात) करू आणि हॉलच्या एका भिंतीला संगमरवरासारखं चकचकीत ‘इटालियन फिनिश’ देऊ. तुम्ही विचारता, हे टिकेल का, आणि यात चुन्याला काही जागा आहे का.

आधी उत्तर देतो, मग कारणं. घर एक असलं तरी भिंती दोन जातींच्या आहेत, त्यामुळे दोघींना एकच लेप लावू नका. जुन्या चिऱ्याच्या भिंतीवरचं सिमेंट काढून तिथे आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा करा. नव्या हॉलला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर टेक्स्चर चालेल. आतली चकचकीत भिंत जरूर करा, पण खऱ्या चुन्यात करा आणि तिच्याखाली पीओपी घालू नका. आणि या सगळ्याआधी पाण्याची वाट बदला. ते केलं नाही तर बाकीचा खर्च वाया जाईल, मग माल इटलीहून आलेला असो की वेंगुर्ल्याहून.

चिरा हा पाणी पिणारा दगड आहे. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतली ओल बारीक छिद्रांतून वर चढते. ती चढते म्हणून भिंत बिघडते असं नाही, ती बाहेर पडू शकत नाही म्हणून बिघडते. जुना चुन्याचा किंवा मातीचा गिलावा सच्छिद्र असतो. जोत्याजवळ आलेली ओल त्यातून हवेत उडून जाते. त्यावर सिमेंटचा घट्ट थर आणि वर अ‍ॅक्रिलिक रंग बसला की ती वाट बंद होते. पाणी वाट शोधत आणखी वर चढतं आणि जिथे फट मिळेल तिथे बाहेर येतं. येताना विरघळलेले क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार रंगाच्या मागे साचतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंग, पुट्टी, कधी गिलाव्याचा अख्खा पापुद्रा ढकलून देतात. तुमच्याकडे झडते ती पांढरी भुकटी म्हणजे हाच लोणा. यावर वॉटरप्रूफ टेक्स्चर मारलं तर पहिली दोन वर्षं भिंत छान दिसेल, पण नंतर तीन फुटांची रेघ चार-पाच फुटांवर गेलेली असेल.

उलटी बाजूही सांगायला हवी, कारण आजकाल चिरा उघडा ठेवून त्यावर पारदर्शक पॉलिश मारायची आवड वाढली आहे. कोकणातला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. झडीला तोंड असलेला उघडा चिरा दरवर्षी थोडा थोडा झिजतो. जुन्या गोव्याची बासिलिका ऑफ बॉम जीझस बघा. १६०५मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च जांभ्याचं आहे. तिचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात, दगड दिसावा म्हणून, काढून टाकला गेला. आज लोकांना तो लालसर दगडच चर्चचा मूळ चेहरा वाटतो. प्रत्यक्षात तो दगड उघडा राहायला बांधलेलाच नव्हता, आणि पावसाने होणारी त्याची झीज हा तिथल्या जतनाचा गंभीर प्रश्न आहे. शेजारचं से कॅथेड्रल पांढऱ्या गिलाव्यात उभं आहे. दोन्ही इमारती एका फेरीत बघून होतात. चिऱ्याला अंगावर काहीतरी हवं, पण ते श्वास घेणारं हवं, हे त्या फेरीत जितकं पटतं तितकं माझ्या लिहिण्याने पटणार नाही.

आता पाण्याची वाट. कौलांच्या पागोळ्या कुठे पडतात ते पुढच्या पावसात उभं राहून बघा. पागोळी जमिनीवर आपटून भिंतीच्या पायथ्यावर शिंतोडे उडत असतील तर पन्हळ लावा, नाहीतर पागोळीच्या रेघेवर दीड-दोन फूट रुंदीचा खडीचा पट्टा करा. अंगणाची माती वर्षानुवर्षं भर पडून जोत्याच्या वर आली असेल तर ती उतरवा. घराभोवती भिंतीला चिकटून काँक्रीटचा पट्टा ओतला असेल तर तो भिंतीपासून सोडवा. खालची ओल त्या काँक्रीटमधून उडू शकत नाही, म्हणून भिंतीत शिरते. हे काम दिसत नाही, त्यामुळे ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये ते कधीच नसतं. तुम्ही ते वेगळं लिहून घ्या.

मग सिमेंट काढायचं. ओल जिथवर दिसते त्याच्या निदान दीड फूट वरपर्यंत, आणि शक्य असेल तर सगळ्या जुन्या भिंतीवरचं. छिन्नी-हातोड्याने हळू काढा. ब्रेकर मशीन लावलं तर चिऱ्याच्या कडा उडतात. सांधे पाऊणएक इंच खोल खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा. त्या वेळी भिंत धुऊ नका, नाहीतर तेच क्षार पुन्हा आत जातात. यानंतर भिंत उघडी सुकू द्या. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास काढलंत तर डिसेंबर अखेरपर्यंत बराच फरक पडतो. घाई असलेल्यांना हा टप्पा नको असतो, पण मी तो वगळून काम घेत नाही.

क्षार फार असतील तर खालच्या तीन-चार फुटांत आधी चुना-वाळूचा मऊ, जाडसर गिलावा करायचा आणि एक वर्ष तसाच ठेवायचा. तो क्षार ओढून घेतो, स्वतः खराब होतो आणि मग काढून टाकायचा. हा बळी द्यायचाच गिलावा असतो, त्यामुळे त्याला रंगरंगोटी करत बसू नका.

आता चुना कसला घ्यायचा. चुनखडी किंवा शिंपले साधारण ९०० अंशांवर भाजले की कळीचा चुना होतो. त्यात पाणी घातलं की तो उकळत फुटतो आणि विझतो. हा विझलेला चुना भिंतीवर बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. पूर्वी आपल्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना भाजत, आज बाजारात येतो तो बहुतेक राजस्थानातल्या जोधपूर-नागौर पट्ट्यातला. पिशवीवर आयएस ७१२ (चुन्याचं भारतीय मानक) आणि वर्ग बघा. ‘सी’ वर्ग म्हणजे फॅट लाइम (शुद्ध चुना), तो फिनिशसाठी. ‘बी’ वर्गात थोडी पाण्यातही घट्ट होण्याची ताकद असते. चुन्याच्या गिलाव्याच्या कामाला आयएस २३९४ हे वेगळं मानक आहे. गवंडी ते वाचणार नाही, पण तुमच्या आर्किटेक्टने करारात त्याचा उल्लेख करावा.

पिशवीतला चुना सरळ वाळूत कालवून थापू नका. ड्रममध्ये पाण्यात भिजवा, वर दोन-तीन इंच पाणी कायम राहू द्या. खालच्या जाड गिलाव्यासाठी काही आठवडे पुरतात, वरच्या बारीक हातासाठी निदान तीन महिने. मुरलेला चुना थापीवर लोण्यासारखा घसरतो आणि वाळूला धरतो. न मुरलेल्या चुन्यात कच्चे कण राहतात. ते भिंतीवर गेल्यावर विझतात, फुगतात आणि गुळगुळीत भिंतीवर मसुराएवढे खड्डे पाडतात. जुने गवंडी याला चुना फुटला म्हणतात. एकदा फुटू लागला की दुरुस्ती नाही, तो हात काढूनच टाकावा लागतो. आपल्या कित्येक गडांवर दगडी चाकाची चुन्याची घाणी अजून दिसते. ती घाणी म्हणजे नुसतं मिक्सर नव्हे. बैल फिरत राहायचे तितका वेळ चुना आणि वाळू एकमेकांत रगडली जायची आणि कमी पाण्यात मऊ माल मिळायचा. आज हे काम पॅन मिक्सर किंवा मोर्टार मिल करते. काँक्रीटच्या फिरत्या ड्रममध्ये ते नीट होत नाही, गोळे होतात.

गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद याबद्दल खूप जण विचारतात. गुळातल्या साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि माल सावकाश घट्ट होतो. डाळीतल्या प्रथिनांमुळे माल चिकट होतो. त्यांना अर्थ आहे. पण गूळ जास्त झाला तर गिलावा दिवसेंदिवस कच्चा राहतो, मुंग्या लागतात त्या वेगळ्याच. माझं मत असं की चुना चांगला मुरलेला, वाळू चांगली आणि पाणी कमी असेल तर नव्वद टक्के काम तिथेच झालं. उरलेल्यासाठी गुळाचं पाणी जरूर वापरा, पण ज्याने ते पूर्वी केलंय त्याच्याच हाताने. बाहेरच्या भिंतीला मात्र मी सुरखी नक्की घालतो. कमी भाजलेल्या विटांची ही बारीक पूड चुन्याशी बांधली जाते, त्यामुळे गिलावा ओलीतही घट्ट होतो. हल्लीच्या पक्क्या भाजलेल्या, कठीण विटांची पूड या कामाला उपयोगी नाही.

वाळूत कोकणात एक खास धोका आहे, खाडीची वाळू. खारट वाळूने केलेल्या गिलाव्यात लोणा तुम्ही स्वतःच्या हाताने घालता. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा, खारट लागली तर गाडी परत पाठवा. मग गाळ तपासा. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि दोन-तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर ती धुतल्याशिवाय वापरायची नाही. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालते, पण प्लास्टरसाठीची चाळलेली घ्या. तिच्यातली दगडाची पीठासारखी पूड जास्त असेल तर चुना आणि सिमेंट दोन्ही तडकतात.

प्रत्यक्ष थापताना. चिरा आदल्या संध्याकाळी आणि सकाळी पुन्हा भिजवा, इतका की तो मालातलं पाणी ओढणार नाही, पण वर पाणी चमकणार नाही. मोठे खड्डे चुन्यात चिऱ्याच्या चिपा बसवून आधीच भरा. ते एका दमात गिलाव्याने भरले की तिथे हमखास तडा. मग पातळ मालाचा छपका (भिंतीवर फेकून मारलेला खरबरीत थर), त्यावर पहिला हात दहा मिलिमीटरच्या आत, एक भाग चुन्याला तीन भाग वाळू. बाहेर असेल तर वाळूतला काही भाग सुरखीने बदला. पहिल्या हातावर तिरक्या रेघा ओढा. तो बोटाने दाबून दबेनासा झाला की दुसरा हात. आता महत्त्वाचं काम येतं आणि सिमेंटची सवय असलेला गवंडी नेमकं तेच सोडतो. चुना थापून झाल्यावर तो आक्रसतो, केसाएवढे तडे येतात. त्या वेळी लाकडी रंध्याने (गवंड्याच्या सपाट फळीने) भिंत पुन्हा दाबून घ्यायची. कधी त्याच संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी, कधी दोन्ही वेळा. तडे मिटतात आणि थर घट्ट होतो. सिमेंटवाला संध्याकाळी पाच वाजता हात धुऊन जातो. चुन्यावाल्याला भिंत सांगेल तेव्हा परत यावं लागतं. मजुरीचा दर ठरवताना हे आधीच बोलून घ्या, नाहीतर तो हात कोणीच फिरवणार नाही.

गिलावा पुढचे दोन आठवडे ऊन आणि वाऱ्यापासून जपायचा. परांचीला ओलं गोणपाट टांगा, भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारा. चुना हवेने पक्का होतो हे खरं, पण ते ओलसर असतानाच घडतं. कडक उन्हात दोन दिवसांत वाळलेला चुना पक्का झालेला नसतो, नुसता सुकलेला असतो, आणि हात फिरवला की भुकटी येते. अंदाजे हिशेब असा की महिन्याला एखादा मिलिमीटर खोलवर तो पक्का होतो. म्हणून कोकणात बाहेरचं चुनाकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. मार्च उजाडायच्या आत बाहेरची भिंत संपली पाहिजे, म्हणजे पहिल्या पावसाआधी तिला तीन महिने मिळतात. एप्रिलमध्ये सुरू करू म्हणणाऱ्याला पुढच्या दिवाळीची तारीख द्या.

यावर रंग म्हणून चुन्याचीच सफेदी, रंग हवा असल्यास काव (लाल माती), गेरू, पिवडी यांसारखे मातीचे रंग किंवा आयर्न ऑक्साइड. चुन्याच्या तिखटपणात सेंद्रिय रंग उडतात, हे टिकतात. रंगाचं वजन चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर तो हाताला लागत राहतो. हात पातळच हवेत, चार किंवा पाच, प्रत्येक वेळी भिंत आधी ओली करून. ओला रंग फार गडद दिसतो आणि सुकल्यावर पुष्कळ फिका पडतो. म्हणून बादलीत बघून रंग ठरवू नका, भिंतीवर नमुना मारून आठवडाभराने बघा. आपल्याकडे गणपतीआधी घराला सफेदी करायची पद्धत होती ती याच भिंतींसाठी. दर दोन-तीन वर्षांनी एखादा हात दिला की बारीक तडे भरून निघतात. अ‍ॅक्रिलिकसारखं जुना रंग खरवडून काढायचं काम कधीच येत नाही.

सजावट हवी असेल तर पडवीच्या भिंतीला काविकामाचा पट्टा करून घ्या. गोवा, सिंधुदुर्ग आणि खाली कारवारपर्यंतच्या देवळांत हे काम दिसतं, आणि ही आपल्याच किनाऱ्याची कला आहे. पांढऱ्या चुन्याच्या ओलसर गिलाव्यावर कावेचा लाल थर देतात, घोटून गुळगुळीत करतात आणि तो ओला असतानाच कंपास व लोखंडी टोचणीने नक्षी कोरतात. लाल थर खरवडला गेला की खालचा पांढरा दिसतो. रंग वर बसवलेला नसून गिलाव्यातच मुरलेला असल्याने तो पावसाळ्यांमागून पावसाळे टिकतो. एका दिवसात जितकं कोरून होईल तितकाच लाल थर द्यायचा हा नियम आहे. सुकल्यावर कोरायला गेलं की कड तुटते. हे करणारे कारागीर आता थोडे उरलेत, पण कला शिकलेली काही तरुण मुलं पुन्हा करू लागली आहेत. जाड टेक्स्चरवर खर्च करण्यापेक्षा त्यांना काम द्या, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

आता नवा हॉल. इथे काँक्रीटचे खांब, सिमेंटच्या विटा, खाली ओल अडवणारा थर. बाहेरून सिमेंट गिलावा योग्य आहे. दोन हातांत वीस मिलिमीटर, माल १:४. मला स्वतःला एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू हा माल जास्त आवडतो, कारण थोडा चुना पडला की तडे कमी येतात. खांब-बीम आणि विटा यांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच चिकन मेश (बारीक तारेची जाळी). काँक्रीटला आधी टाचे मारलेच पाहिजेत, म्हणजे छिन्नीने टोचून ते खरबरीत केलंच पाहिजे. गुळगुळीत बीमवरचा गिलावा ठोकून बघितला की पोकळ वाजतो तो टाचे न मारल्यामुळेच. पाणी किमान सात दिवस. आणि जुनी चिऱ्याची भिंत जिथे नव्या भिंतीला मिळते तिथे गिलावा सलग ओढू नका. दोन्ही भिंती वेगवेगळ्या हलतात, त्यामुळे तिथे तडा जाणारच. आधीच सरळ खाच ठेवा आणि ती लवचीक सीलंटने भरा.

टेक्स्चर गिलाव्यानंतर चार आठवड्यांनी, प्राइमर मारूनच. दुकानातल्या फळीवर खोल, खडबडीत नमुने फार देखणे दिसतात, पण कोकणात त्या खळग्यांत धूळ बसते, पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि ऑगस्टपर्यंत भिंत हिरवी-काळी होते. उथळ दाणा घ्या. रेघांचा नमुना आवडत असेल तर रेघा उभ्या ठेवा, म्हणजे पाणी खाली ओघळून जातं. आडव्या रेघा पाणी धरतात. आपला साधा सँडफेस गिलावा हासुद्धा उत्तम फिनिश आहे, लोकांनी त्याला उगाच जुनाट ठरवलंय. एकसारख्या चाळलेल्या वाळूचा, स्पंजने नीट फिरवलेला सँडफेस आणि त्यावर चांगला बाहेरचा रंग, हे महागड्या टेक्स्चरपेक्षा कित्येकदा जास्त टिकतं. थोडा जास्त खर्च चालणार असेल तर ग्रिट प्लास्टर बघा. बारीक दगडी चिप्स सिमेंटमध्ये कालवून थापतात आणि माल घट्ट होऊ लागला की पाण्याने व ब्रशने वरचं सिमेंट धुऊन चिप्स उघड्या करतात. भिंत खाचांनी चौकटींत वाटावी लागते, म्हणजे एका दिवसाचं काम एका चौकटीत संपतं आणि जोड दिसत नाही. त्याला रंग लागत नाही.

छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे ना ते बघा. ती नसेल तर पाणी छज्जाखालून भिंतीवर येतं आणि कुठलंही टेक्स्चर तिथे काळं पडतं.

आता तुमची चकचकीत भिंत. बाजारात इटालियन, व्हेनेशियन, स्टुको अशा नावांनी दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक खरा मुरलेला चुना आणि संगमरवराची पूड, दुसरी अ‍ॅक्रिलिकची पेस्ट. अ‍ॅक्रिलिक वाईट नसतं, फ्लॅटच्या आतल्या भिंतीला चालतं, पण त्याची झळाळी वरवरची असते आणि पैसे चुन्याचे घेतले जातात. काही विक्रेते लिंबू पिळून फेस दाखवतात. त्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. अ‍ॅक्रिलिक पेस्टमध्येही भर म्हणून चुनखडीची पूड असते, तीही फसफसते. त्याऐवजी डब्यातली ओली पेस्ट बशीत घ्या आणि चिमूटभर हळद कालवा. चुना असेल तर लगेच लालभडक होईल, हळदीचं कुंकू होतं तेच रसायन. अ‍ॅक्रिलिकमध्ये ती पिवळी, फार तर नारिंगी राहील. हे करताना हात लावू नका, चमचा वापरा.

इटलीचं नाव घेऊनच करायचं असं काही नाही. राजस्थानातलं आराईशचं काम, आमेरच्या महालात दिसतं ते, याच कुळातलं आहे. दीर्घकाळ पाण्यात मुरवलेला चुना, संगमरवराची पूड, हकीकाच्या दगडाने घोटाई आणि शेवटी खोबरेल. तिकडचे कारागीर महाराष्ट्रात येऊन काम करतात. चांगला आराईशवाला मिळत असेल तर मी आयात डब्यांपेक्षा त्याच्याकडे जाईन.

पद्धत दोन्हीची मुळात सारखीच. खाली पूर्ण मुरलेला, सपाट पण खरबरीत गिलावा. पीओपी का नको? जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, ओलीत मऊ पडतं. चुन्याच्या कामात भिंत वारंवार ओली होते आणि तुमच्याकडे चार महिने हवाच ओली असते. शिवाय ओलसर सिमेंट आणि जिप्सम एकत्र आले की त्यांच्यातून फुगणारं संयुग तयार होतं आणि थर सुटतो. पुट्टीही नको, तिच्या गुळगुळीत थराला चुना धरत नाही. आपला जुना नीरूचा (गाळलेल्या बारीक चुन्याचा) हात कितीतरी बरा. त्यावर पहिला जाडसर दाण्याचा हात मिलिमीटरभर, दुसरा त्याहून पातळ, तिसरा निव्वळ बारीक चुन्याचा, कागदासारखा. प्रत्येक हात खालचा पूर्ण सुकायच्या आत.

घोटाईची वेळ हाच सगळा हुन्नर. बोट टेकवलं की चिकटत नाही, पण भिंत गार लागते, तेव्हा थापी फिरवायला घ्यायची. आधी सपाट आणि हलकी, मग किंचित तिरकी आणि जोराने. लवकर घेतली तर माल ओढला जातो, उशीर झाला तर थापी खरखरते आणि झळाळी येतच नाही. थापी स्टेनलेस स्टीलची आणि गोल कोपऱ्यांची. साध्या लोखंडाचे राखाडी डाग पांढऱ्या चुन्यात कायमचे बसतात, काळी भिंत करायची असेल तरच ते चालतात. एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच दमात झाली पाहिजे. मध्ये जेवायला थांबलात तर तिथे जोडाची रेघ राहते. म्हणून मोठ्या भिंतीला दोन-तीन माणसं एकाच वेळी लावतात. भिंतीतले स्विच, वायर, टीव्हीचे बोल्ट आधी पक्के करा. नंतर एक भोक पाडलं तरी तेवढाच तुकडा दुरुस्त करता येत नाही, तो उठून दिसतो.

शेवटी साबणाचं पाणी देतात. ऑलिव्ह तेलाच्या साबणातली चरबी चुन्याशी मिळून न विरघळणारा साबण होतो आणि छिद्रं बंद करतो. मोरोक्कोतल्या ताडेलाक्ट या घोटीव चुन्याच्या कामात तर याच युक्तीवर न्हाणीघरं उभी आहेत. पण तुमच्या बाथरूमला मी ताडेलाक्ट सुचवणार नाही. अंघोळीच्या जागी ते करणारा हात फार सरावलेला लागतो आणि आपण जी आम्लयुक्त साफसफाईची द्रावणं वापरतो त्यांनी ते खराब होतं. तिथे टाइल लावा. मायक्रोसिमेंट (सिमेंटचा पातळ, सजावटीचा लेप) दोन-तीन मिलिमीटरचं असतं, छान दिसतं, पण ते सगळं वरच्या सीलरवर अवलंबून आहे, आणि तो सीलर काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. स्वयंपाकघरातही चकचकीत चुना नको. कोकम, चिंच, लिंबू यांचा एक थेंब पडला की तिथली झळाळी जाते आणि तो ठिपका पुसून निघत नाही.

काम देताना तीन बाय तीन फुटांचा नमुना तुमच्याच भिंतीवर, तुमच्याच मालाने करून मागा. दुकानातली पाटी धरू नका. नमुना संध्याकाळी, खिडकीतून तिरपा उजेड पडताना बघा. दुपारी न दिसणारे सगळे उंचवटे तेव्हा दिसतात. कोटेशनमध्ये ‘इटालियन फिनिश, चौरस फुटाला इतके’ एवढंच असेल तर परत पाठवा. किती हात, प्रत्येकात काय, घोटाई आणि साबण धरून का, कोपरे आणि खिडक्यांच्या कडा रनिंग फुटात वेगळ्या का, हे लिहून हवं. घोटीव कामात मालापेक्षा मजुरी मोठी असते, त्यामुळे फार स्वस्त दर आला तर कुठला तरी हात वगळला जाणार हे धरून चाला. रंगाचं प्रमाण वजनात लिहून घ्या आणि थोडा कोरडा रंग डब्यात राखून ठेवा. बाहेरच्या कामाचा शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर द्यायचा, असं सुरुवातीलाच ठरवा. आपल्या कामाची खात्री असलेला माणूस याला नाही म्हणत नाही.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट ठामपणे. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चुना कालवताना आणि छताकडच्या भागात थापताना चष्मा हवाच. गेला तर लगेच स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवायचा आणि धुतल्या धुतल्या डॉक्टरकडे. कळीचा चुना घरी विझवणार असाल तर प्लास्टिकच्या बादलीत नको, तो उकळतो. चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, आणि मुलांना लांब ठेवा. गिलावा घासताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क मजुरांनाही द्या.

तुमच्यासाठी क्रम असा बसेल. या पावसात पागोळ्या आणि ओलीची रेघ बघून खुणा करून ठेवा. चुना आत्ताच भिजत घाला, म्हणजे तो दिवाळीपर्यंत मुरेल. दिवाळी झाली की जुनं सिमेंट काढा, जोत्याभोवतालची माती उतरवा. भिंत सुकतेय तोवर नव्या हॉलचा बाहेरचा गिलावा उरकून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत चिऱ्याच्या भिंतींचा चुना, आधी बाहेरचा, मग आतला. हॉलची घोटीव भिंत सगळ्यात शेवटी, इतर कामांची धूळ बसल्यावर. ठेकेदार याला तयार नसेल तर त्याला हॉलचं काम द्या आणि चिऱ्याच्या भिंतींसाठी चुन्याचा गवंडी वेगळा शोधा. जुन्या देवळांच्या दुरुस्तीचं काम तुमच्या पंचक्रोशीत कुठे चालू असेल तिथे तो सापडेल.